कमी वॅटचा भरवशाचा एसएमपीएस कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बजेट पीसी जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडाभर खल होतो. एसएमपीएस (सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र शेवटी उरलेल्या पैशांत घेतला जातो, नाहीतर कॅबिनेटसोबत आलेलाच चालवला जातो. हाच एक भाग बिघडताना बाकीचे सगळे भाग सोबत घेऊन जाऊ शकतो. खाली ३०० ते ५५० वॅटच्या एसएमपीएसबद्दल नेहमी येणारे प्रश्न आहेत. आमचा आग्रह एकच आहे: खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा बाजूला ठेवा, १२ व्होल्टचे अँपिअर आणि आतली संरक्षण सर्किटं बघा.

माझ्या पीसीला नेमके किती वॅट लागतात?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरेच कमी. एक नेहमीची जोडणी घेऊ: कोअर आय५-१२४०० आणि आरएक्स ६६००. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी इंटेलनेच त्याची कमाल टर्बो मर्यादा ११७ वॅट दिली आहे, म्हणून हिशोबात ११७ धरायचे. मदरबोर्डवरचं व्हीआरएम (प्रोसेसरला लागणारं कमी व्होल्टेज बनवणारं सर्किट) १२ व्होल्टचं रूपांतर करताना काही वीज उष्णतेत घालवतं, त्यामुळे एसएमपीएसवर पडणारा भार १३० च्या आसपास जातो. आरएक्स ६६०० चे १३२. मदरबोर्ड, दोन रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि तीन पंखे मिळून ५० धरा. बेरीज झाली ३१२ वॅट, तीही प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण पिळले तर. गेम खेळताना प्रत्यक्षात २०० ते २५० च्या मध्ये राहील.

एएमडीच्या बाबतीत टीडीपीऐवजी (खोक्यावरचे वॅट) पीपीटी (प्रोसेसर सॉकेटमधून घेऊ शकतो ते कमाल वॅट) बघा. एएम४ सॉकेटवरच्या बहुतेक ६५ वॅटच्या प्रोसेसरांचा पीपीटी ८८ वॅट असतो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर आय३-१२१०० सारख्या प्रोसेसरवर सगळा पीसी पूर्ण भारावरही १४०-१५० वॅटच्या पुढे सहसा जात नाही. नुसता चालू असताना तर २५ ते ४०.

बेरजेवर किती जागा ठेवायची?

कमाल बेरीज एसएमपीएसच्या ७० ते ७५ टक्क्यांत बसावी. वरच्या ३१२ साठी चांगला ४५० पुरतो. मोकळी जागा लागते ती मुख्यतः ग्राफिक्स कार्डाच्या क्षणिक उसळ्यांसाठी. कार्डाचा सरासरी वापर १३० वॅट असला तरी काही मिलिसेकंदांसाठी तो दीडपट-दुप्पट होऊ शकतो, आणि कमकुवत एसएमपीएस नेमका तिथेच मान टाकतो.

कार्ड बनवणाऱ्या कंपन्या सुचवतात ते आकडे मुद्दाम ढिले ठेवलेले असतात. आरटीएक्स ४०६० चा वापर ११५ वॅट, पण एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची. समोरच्याने कसला एसएमपीएस घेतलाय हे कंपनीला कळत नाही, म्हणून ती सुरक्षित आकडा देते.

मग सरळ ६५० किंवा ७५० घेतलेला बरा नाही का?

त्याच दर्जाचा ६५० त्याच किमतीत मिळत असेल तर घ्या, नुकसान काहीच नाही. पण बजेट ठरलेलं असतं तेव्हा जास्त वॅट म्हणजे जवळपास नेहमी कमी दर्जा. शिवाय ७५० वॅटच्या एसएमपीएसला ३५ वॅटचा भार म्हणजे त्याच्या ५ टक्केसुद्धा नाहीत, आणि इतक्या खाली कार्यक्षमता बरीच घसरते. प्रामाणिक ४५० हा फुगवलेल्या ६०० पेक्षा खरोखर जास्त वीज देतो. कसं, ते पुढच्या उत्तरात.

बाजूचं लेबल कसं वाचायचं?

आजचा पीसी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवर घेतो, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही. म्हणून लेबलवरच्या तक्त्यात प्रथम +१२ व्होल्टचा रकाना शोधा, अँपिअरला १२ ने गुणा, आणि आलेले वॅट मोठ्या अक्षरांतल्या आकड्याशी ताडून बघा.

समजा ४५० वॅटच्या एका एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३७ अँपिअर लिहिलंय. ३७ गुणिले १२ म्हणजे ४४४ वॅट. उत्तम. दुसऱ्यावरही ४५०च छापलंय, पण १२ व्होल्टला १८ अँपिअर. म्हणजे फक्त २१६ वॅट. उरलेला आकडा ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठमोठे अँपिअर लावून भरून काढलाय, आणि ते तुमच्या पीसीला कधीच लागणार नाहीत. त्याला २०० वॅटच्या वर्गातला जुना एसएमपीएस समजा.

काही लेबलांवर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतात, समजा प्रत्येकी १८ अँपिअरच्या. त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली एकत्रित कमाल वॅटची ओळ असते, उदाहरणार्थ ३६० वॅट. खरी मर्यादा ती. ती ओळच नसेल तर संशय घ्या.

आकड्यापुढे ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असेल तर तो भार काही क्षणांपुरताच पेलेल असं उत्पादक स्वतःच सांगतोय. हवा तो सलग पेलता येणारा भार, आणि तोही ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला. २५ अंशांना मोजलेले ४५० वॅट बंद कॅबिनेटच्या उन्हाळ्यात ४५० राहत नाहीत.

अगदी स्वस्त एसएमपीएसमधून काय काय वगळलेलं असतं?

सुरुवात होते वीज आत येते तिथूनच. चांगल्या एसएमपीएसमध्ये सॉकेटपाशी विजेतला गोंगाट गाळणारे एक्स आणि वाय कपॅसिटर, गुंडाळ्या, आणि लाइनमधली उसळी अडवणारा एमओव्ही असतो. स्वस्तात ती जागा सर्किट बोर्डवर छापलेली दिसते, पण तिथे भागाऐवजी तारेचा तुकडा सोल्डर केलेला असतो. पुढे मुख्य कपॅसिटर लहान टाकतात. त्यामुळे वीज क्षणभर जाऊन आली तरी पीसी रीस्टार्ट होतो. एटीएक्स या पीसीच्या एसएमपीएससाठीच्या मानकानुसार पुरवठा तुटल्यावरही आउटपुट साधारण १६-१७ मिलिसेकंद टिकायला हवं. त्याला होल्ड-अप टाइम म्हणतात.

मग ॲल्युमिनियमचे हीटसिंक पातळ होतात, तारा बारीक होतात (चांगल्यात १८ गेज, स्वस्तात २० किंवा त्याहून बारीक, गेजचा आकडा वाढला की तार बारीक), आणि पंखा सगळ्यात साध्या स्लीव्ह बेअरिंगचा येतो, जो गरम हवेत तेल सुकून अडकतो. पंखा अडकल्यावर तापमान पाहून बंद करणारं सर्किटही नसेल, तर पुढचं सांगायला नको.

सगळ्यात वाईट काटछाट संरक्षणाची. ही सहा नावं लक्षात ठेवा:

- ओव्हीपी: व्होल्टेज वर गेलं तर बंद. मदरबोर्ड आणि डिस्क यानेच वाचतात.
- यूव्हीपी: व्होल्टेज खाली पडलं तर बंद.
- ओसीपी: एका ओळीवर (१२, ५ किंवा ३.३ व्होल्टच्या) प्रवाह जास्त झाला तर बंद.
- ओपीपी: एकूण भार जास्त झाला तर बंद.
- एससीपी: शॉर्ट सर्किटला बंद.
- ओटीपी: आतलं तापमान वाढलं तर बंद.

स्वस्त मॉडेलांत ओटीपी आणि ओसीपी सर्रास गायब असतात. उत्पादकाच्या पानावर सहाही नावं स्पष्ट लिहिलेली असावीत; ‘सर्व प्रकारचं संरक्षण’ एवढ्यावर समाधान मानू नका.

८० प्लस ब्राँझ असेल तर बिनधास्त घ्यावा का?

नाही. ८० प्लस हे फक्त कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. ११५ व्होल्टवरच्या मोजणीत ब्राँझला २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८२, ८५, ८२ टक्के कार्यक्षमता लागते. गोल्डला ८७, ९०, ८७. चाचणी खोलीच्या तापमानाला होते. व्होल्टेज किती स्थिर आहे, रिपल (आउटपुट व्होल्टेजमधली बारीक, वेगवान थरथर) किती, ओपीपी वेळेवर काम करतं का, यातलं काहीच त्यात तपासलं जात नाही.

याचा धडा सगळ्यांना २०२१ मध्ये मिळाला. गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या गोल्ड मॉडेलांचे नमुने स्वतंत्र चाचण्यांत जास्त भाराखाली स्फोट होऊन बंद पडले. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने निवेदन काढलं आणि ओपीपीची पातळी १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० टक्क्यांवर आणली. कार्यक्षमतेचा बिल्ला खराच होता. अडचण संरक्षण किती उशिरा जागं होतं यात होती.

तरीही ४०० वॅटच्या वर काहीच बिल्ला नसलेला एसएमपीएस टाळाच. आणि बिल्ला खोटाही छापता येतो, म्हणून ८० प्लसच्या अधिकृत यादीत नेमकं मॉडेल शोधा. सायबेनेटिक्स या दुसऱ्या चाचणी संस्थेची प्रमाणपत्रं असतील तर आणखी चांगलं: त्यात कार्यक्षमतेसाठी इटा आणि आवाजासाठी लॅम्डा असे वेगळे दर्जे आहेत.

ब्राँझऐवजी गोल्ड घेतला तर विजेचं बिल किती वाचेल?

२०० वॅटच्या भाराला ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून २३५ वॅट ओढतो, ९० टक्क्यांचा २२२. फरक १३ वॅटचा. रोज पाच तास असा भार धरला तरी वर्षाला २४ युनिट. नुसतं ब्राउझिंग किंवा टायपिंग असेल तर फरक दोन-तीन वॅटवर येतो. बिलासाठी गोल्ड घेण्यात बजेट पीसीत अर्थ नाही. गोल्डचा खरा फायदा असा की त्या वर्गातली सर्किट रचना सहसा चांगली असते आणि उष्णता कमी निघत असल्याने पंखा शांत राहतो.

ग्रुप रेग्युलेटेड आणि डीसी-टू-डीसी यात फरक काय?

कमी वॅटच्या एसएमपीएसमध्ये हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

ग्रुप रेग्युलेटेड रचनेत १२ आणि ५ व्होल्ट एकाच गुंडाळीवर एकत्र सांभाळले जातात, आणि नियंत्रक दोन्हींचा मिळून अंदाज घेतो. आजच्या पीसीत १२ वर भरपूर भार आणि ५ वर जवळपास काहीच नाही अशी स्थिती असते. मग १२ खाली सरकतं, ते उचलायला नियंत्रक जोर लावतो, आणि त्या जोराने ५ व्होल्ट वर चढतं. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन बसतात. उलटही होतं. २०१३ मध्ये इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांनी खोल झोपेच्या अवस्थेत १२ व्होल्टवरचा प्रवाह ०.०५ अँपिअरपर्यंत खाली आणायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या एसएमपीएसना इतका कमी भार सांभाळता येईना.

डीसी-टू-डीसी रचनेत मुख्य भाग फक्त १२ व्होल्ट बनवतो; ५ आणि ३.३ व्होल्ट त्यातूनच छोट्या वेगळ्या सर्किटने काढले जातात. एकावरच्या भाराचा दुसऱ्यावर परिणाम जवळपास होत नाही. ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर डीसी-टू-डीसीच घ्या. लेबलवरून ओळखायचं असेल तर १२ व्होल्टचे वॅट एकूण वॅटच्या ९५ टक्क्यांच्या वर आहेत का बघा. असतील तर बहुतेक डीसी-टू-डीसी आहे. कार्ड नसलेल्या ऑफिसच्या पीसीला चांगल्या बांधणीचा ग्रुप रेग्युलेटेड चालून जातो.

जपानी कपॅसिटरच हवेत का?

निप्पॉन केमी-कॉन, रुबीकॉन, निचिकॉन ही नावं चांगलीच, पण अंशांचा आकडा त्याहून जास्त बोलतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं. २,००० तासांचा १०५ अंशांचा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास चालेल. तेवढ्याच तासांचा ८५ अंशांचा त्याच जागी ८,०००. जाहिरातीत ‘जपानी कपॅसिटर’ म्हणतात तेव्हा कित्येकदा फक्त मुख्य मोठा कपॅसिटर जपानी असतो. आउटपुटकडचे कोणते, हेही विचारा.

ब्रँड बघावा की मॉडेल?

मॉडेल, आणि त्याचं वर्षसुद्धा. खोक्यावर नाव असलेल्या बऱ्याच कंपन्या स्वतः एसएमपीएस बनवत नाहीत. सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एचईसी यांसारख्या कारखान्यांकडून बनवून घेतात. सीसॉनिक, एफएसपी, सुपर फ्लॉवर स्वतःच्या नावाने विकतात आणि इतरांसाठीही बनवतात. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी टाकाऊ असू शकते. तेच नाव ठेवून आतली रचना बदललेलीही आढळते, म्हणून रिव्ह्यूमधला मॉडेल क्रमांक आणि तुमच्या खोक्यावरचा क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळवा.

वॉरंटी हा साधा पण चांगला निकष आहे. पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने आत निदान बरे भाग घातलेले असतात. एक वर्षाची वॉरंटी पुरेसं सांगून जाते.

रिव्ह्यू खरा आहे हे कसं ओळखायचं?

खोकं उघडून केबल दाखवल्या म्हणजे रिव्ह्यू झाला नाही. १० पासून १०० टक्क्यांपर्यंतच्या भाराला व्होल्टेज किती हललं (मानकाची मर्यादा ५ टक्के, चांगला १-२ टक्क्यांत राहतो), पूर्ण भाराला रिपल किती (१२ व्होल्टवर मर्यादा १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ वर ५०), गरम पेटीत ४० अंशांच्या वर काय झालं, ओपीपी किती टक्क्यांना लागला, आणि आतला बोर्ड उघडून दाखवला का, हे बघा. गेम चालवून ‘काही त्रास नाही’ म्हणणं ही चाचणी नव्हे.

मागे ११५/२३० चा लाल स्विच आहे. घ्यावा का?

नको. तो स्विच आहे म्हणजे आत ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारा प्रवाह सुधारून घेणारं सर्किट) नाही, रचना जुनी आहे. शिवाय २३० व्होल्टच्या ठिकाणी तो चुकून ११५ वर राहिला तर चालू करताक्षणी आतले भाग फुटतात.

अडॅप्टर लावून ग्राफिक्स कार्ड चालवलं तर?

आधी मर्यादा समजून घ्या. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, ६ पिनचा पीसीआय-ई कनेक्टर ७५, ८ पिनचा १५०. डिस्कला वीज देणाऱ्या साटा पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. आता साटामधून ६ पिन काढणारं अडॅप्टर लावलं तर ५४ च्या कनेक्टरकडून ७५ मागितले जातात. पिन तापते, प्लास्टिक मऊ होतं, संपर्क आणखी ढिला पडतो आणि आणखी तापते. असं अडॅप्टर वापरूच नका, कार्ड कितीही लहान असो.

मोलेक्समधून (जुना ४ पिनचा पॉवर कनेक्टर) साटा काढणाऱ्या केबल दोन प्रकारच्या येतात. तारा एका ओतीव प्लास्टिकच्या ठोकळ्यात बुडवलेल्या असतात तो प्रकार आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पिना स्वतंत्र खोचलेल्या दिसतात आणि मागे निघणारं झाकण असतं तो प्रकार त्यापेक्षा सुरक्षित.

एसएमपीएसलाच कार्डाला हवा तो ६+२ पिनचा कनेक्टर नसेल, तर तो त्या कार्डासाठी बनलेला नाही. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं फक्त स्लॉटवर चालतात. जुना एसएमपीएस ठेवायचाच असेल तर तसलं कार्ड शोधा.

आणि प्रोसेसरचा ४+४ पिनचा कनेक्टर कार्डात घुसवू नका. तो बसत नाही, कारण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. जोर लावलात तर थेट शॉर्ट.

मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) घ्यावा का?

कमी बजेटमध्ये गरज नाही. घेतलात तर एक नियम कडक पाळा: जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका, ब्रँड तोच असला तरी. कार्डाकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कोणताही मानक नाही. कनेक्टर सहज बसतो आणि एसएसडीच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट येतात. डिस्क डेटासकट गेलीच.

१२व्ही-२x६ (मोठ्या ग्राफिक्स कार्डांचा नवा कनेक्टर) आणि एटीएक्स ३.१ (मानकाची नवी आवृत्ती) लागेल का?

८ पिनच्या एकाच कनेक्टरवर चालणाऱ्या कार्डाला नाही.

यूपीएसवर एसएमपीएस बंद पडतो. का?

आधी यूपीएसचे वॅट बघा. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅटच. मॉनिटरही त्याच यूपीएसवर असतो हे विसरू नका. वॅट पुरेसे असूनही बंद पडत असेल, तर स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह काही ॲक्टिव्ह पीएफसी सर्किटना मानवत नाही, किंवा एसएमपीएसचा होल्ड-अप टाइम यूपीएसच्या बदलाच्या वेळेपेक्षा कमी पडतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुतेकदा सॉकेटला अर्थिंग नाही. इनपुटकडचे वाय कपॅसिटर गोंगाट अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगतं. प्रवाह अगदी बारीक असतो, तरी अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे.

गेम खेळताना पीसी अचानक बंद पडतो. दोष एसएमपीएसचा आहे हे कसं ठरवायचं?

लक्षणं वेगवेगळी असतात. पीसी बंद झाला आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठतच नसेल, तर संरक्षण सर्किट लागलं आहे. लगेच स्वतःहून रीस्टार्ट होत असेल, तर व्होल्टेज क्षणभर घसरत असण्याची शक्यता जास्त. सकाळी पहिल्यांदा बटण दाबून उपयोग होत नाही, पाच-दहा मिनिटं प्लग लावून ठेवल्यावर चालू होतो, तर ५ व्होल्ट स्टँडबाय सर्किटचे (पीसी बंद असतानाही चालू राहणारं) कपॅसिटर थकलेत. निळा पडदा आला तर आधी रॅम आणि ड्रायव्हर तपासा.

मग मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये काळी टोकणी काळ्या तारेला, लाल टोकणी पिवळ्या तारेला. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची. सगळ्या तारा काळ्याच असतील तर कनेक्टरच्या टोकाची एक पिन १२ आणि दुसऱ्या टोकाची ५, मधल्या दोन ग्राउंड. पीसी नुसता चालू असताना वाचन घ्या, मग गेम किंवा भार टाकणारं सॉफ्टवेअर चालवून पुन्हा घ्या. १२ ची हद्द ११.४० ते १२.६०, ५ ची ४.७५ ते ५.२५. भाराखाली १२.१ वरून ११.८ झालं तर ठीक. ११.५ दाखवत असेल तर मर्यादेत असूनही बदलण्याच्या तयारीला लागा. विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका, त्यात चुकीचे व्होल्टेज नेहमीच दिसतात. रिपल मात्र मल्टिमीटरला कळत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

सुट्या एसएमपीएसच्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरला. म्हणजे चांगला आहे ना?

मेलेला नाही, एवढंच कळलं. भार नसताना खराब एसएमपीएससुद्धा व्यवस्थित व्होल्टेज दाखवतो.

सेकंडहँड घ्यावा का?

उत्पादनाची तारीख कळत असेल, तीन वर्षांच्या आतला असेल आणि वॉरंटी हस्तांतरित होत असेल तर विचार करा. वास घ्या: करपट किंवा माशासारखा वास आला तर परत ठेवा. जाळीतून टॉर्च मारून कपॅसिटरची डोकी बघा, ती सपाट हवीत. डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिस पीसीतून काढलेले एसएमपीएस अनेकदा बांधणीला पक्के असतात, पण आकार आणि मदरबोर्डचा कनेक्टर त्यांचा स्वतःचा असू शकतो. २४ पिनचा कनेक्टर आहे याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

धूळ साफ करायला उघडला तर चालेल का?

उघडू नका. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसच्या मुख्य कपॅसिटरवर चालू असताना ३८० व्होल्टच्या आसपास असतात, आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज काही काळ राहू शकतो. पीसी बंद करा, प्लग काढा, पंख्याचं पातं काडीने अडवून धरा म्हणजे तो हवेने वेड्यासारखा फिरणार नाही, आणि बाहेरूनच ब्लोअर मारा. कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर बसवताना पंखा खाली ठेवा. जाळी नसेल किंवा पीसी गालिच्यावर ठेवणार असाल तर वर.